दुखण्याच्या खर्चाचा भार

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



ज्युबिलीचा प्रसंग हा कृतज्ञतेचा व आनंदाचा. अशा प्रसंगीं मागील पिढ्यांचे उपकार आठवावे आणि उभारलेल्या वास्तूकडे कौतुकानें पाहावें, हीच रीत आहे. आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं ती उत्तम प्रकारें पाळिली. आम्हीं मात्र जरा रूक्ष विषय निवडिला आहे. दवाखान्याचें बिल हा तो विषय होय. मंगल दिवशीं तो काढावा कीं नाहीं याचा विचार करूनच आम्ही तो काढीत आहों. ज्युबिलीनिमित्त आपण जो निधि जमविला त्यांतून उरलेल्या रकमेचें काय करावें, हें अद्याप ठरावयाचें आहे. आणि ती आपल्यांतील गोरगरीब रुग्णांस वांटून टाकावी, अशी सूचना पुढें आली आहे. सूचना करणारांचें अंतःकरण थोर आहे, यांत शंका नाहीं. परंतु वांटण्यापूर्वीं दुखण्याचा खर्च म्हणजे काय, तो कसा वाढतो आणि कोणाच्या अंगावर पडतो, हें पाहणें अगत्याचें आहे.

मार्ककृत शुभवर्तमानांत बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या एका स्त्रीची कथा आहे. तिच्या श्रद्धेविषयीं आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकतों. पण शुभवर्तमानकारानें जातां जातां जी एक गोष्ट नमूद करून ठेविली आहे, तिच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. ती स्त्री पुष्कळ वैद्यांकडे गेली होती. जवळ होतें नव्हतें तें सारें तिनें खर्चिलें होतें. आणि गुण येण्याऐवजीं दुखणें बळावलेंच होतें. म्हणजे प्रभूजवळ आली तेव्हां ती नुसती आजारी नव्हती, आजारापायीं कफल्लकही झालेली होती. बारामती व इंदापूर या आपल्या दोन तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर ही बाई आजही भेटते.

घरांत कोणी अंथरुणास खिळलें कीं पैसा कोणत्या क्रमानें उभा राहतो, हें आपणांस सांगावयास नको. प्रथम डब्यांतील नोटा जातात. मग कानांतलें-गळ्यांतलें सोनाराच्या पेढीवर जातें. मग पाहुण्यारावळ्यांकडून हातउसने. मग दावणीची दुभती गाय. आणि अगदींच इलाज उरला नाहीं म्हणजे बांधालगतचे दहा-वीस गुंठे. या क्रमांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सोनें गेलें तर मनाला लागतें, पण चूल पेटत राहते. गाय गेली म्हणजे डेअरीचा दहा दिवसांचा पगार जातो. मग रोगी बरा होऊन घरीं आला तरी घर आजारीच राहतें. बिल एकदांच भरावयाचें असतें, त्याची झीज मात्र वर्षानुवर्षें भरून निघत नाहीं. २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणींत, बाळंतपणें वगळून, रुग्णालयांत एकवार दाखल होण्याचा सरासरी औषधोपचार-खर्च सरकारी रुग्णालयांत ४,४५२ रुपये व खासगी रुग्णालयांत ३१,८४५ रुपये असा आढळला. ही सबंध देशाची सरासरी. सरासरीच्या मागें लाखांचीं बिलें दडलेलीं असतात, हें ज्यानें तीं भरलीं त्यालाच ठाऊक.

हा खर्च इतका कां होतो? कोणी म्हणेल, डॉक्टर लोभी झाले. तसे कांहीं असतीलही. परंतु सर्वच धंद्यांत लोभी माणसें असतात, आणि तरीहि मीठ किंवा खिळे विकत घेतांना कोणाचें घरदार जात नाहीं. कारण निराळें आहे. जनावरांच्या बाजारांत बैल घ्यावयाचा तर शेतकरी त्याचे दांत पाहतो, खांदा चाचपतो, चार पावलें चालवून बघतो, आणि मग उपरण्याखालीं बोटांनीं भाव ठरवितो. न पटल्यास पुढच्या दावणीकडे जातो. रोग्याच्या नातलगास यांतलें कांहींच करतां येत नाहीं. काय विकत घ्यावयाचें तें त्याला कळत नाहीं. जो विकतो तोच काय घ्यावें तें सांगतो. आणि दुसरी दावण पाहण्यास वेळ नसतो. केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६३ सालीं एका प्रसिद्ध निबंधांत हेंच मांडिलें कीं, आजार केव्हां येईल हें अनिश्चित व औषधोपचाराचें ज्ञान एकाच पक्षाकडे, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाहीं. ज्या ठिकाणीं बाजार असा लंगडा असतो, त्या ठिकाणीं भावावर कोणाचा तरी हात असावा लागतो. हृदयाच्या रक्तवाहिनींत बसवावयाच्या औषधयुक्त स्टेंटची छापील किंमत पूर्वीं लाखाच्या वर जात असे. फेब्रुवारी २०१७ मध्यें सरकारनें ती २९,६०० रुपयांवर आणून बांधिली. स्टेंट तोच राहिला.

शिवाय बिलांत न दिसणारा खर्चही आहे. इंदापुराहून पुणें सुमारें १४० किलोमीटर, बारामतीहून सुमारें १००. रोगी पुण्यास नेला कीं गाडीभाडें आलें. सोबतच्या दोघांचा रोजगार बुडाला. रुग्णालयाच्या ओसरीवर निजणें आलें. घरीं म्हाताऱ्याच्या हातीं लेंकरें व जनावरें राहिलीं. म्हणून बारामतींत २०१९ सालीं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालें, तेव्हां आम्हांस त्यांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांपेक्षांहि हें अंतर कमी झाल्याचा आनंद अधिक झाला. त्याला आतां पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचें नांव आहे. त्याखेरीज बारामतीचें उपजिल्हा रुग्णालय आहेच, आणि योगायोगानें त्याचेंही नांव सिल्व्हर ज्युबिली असेंच आहे. इंदापुरास उपजिल्हा रुग्णालय व भिगवणास ग्रामीण रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अशा सर्व रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनामूल्य झाले आहेत. तरीहि किरकोळ तापासाठीं आधीं खासगी दवाखान्याची पायरी चढणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. सरकारी दवाखान्यांत रांग असते, कधीं औषध नसतें, कधीं बोलणें कडू असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं.

आतां ज्यांचें नांव आपल्या कोणत्याच यादींत नसतें, अशा लोकांकडे वळूं. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचीं धुराडीं पेटतात, आणि माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या ऊसपट्ट्यांत बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. पाचटाच्या खोपींत सहा महिने संसार. नवरा-बायकोच्या जोडीस मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल या कोयत्यानें फेडावयाची. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड. अशा स्थितींत स्त्रीच्या पोटांत दुखूं लागलें तर तिनें काय करावें? २०१९ सालीं शासनानें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमिली. बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय काढून टाकलेलें आढळलें. म्हणजे साधारण सहा जणींमागें एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सबंध देशाचें प्रमाण शंभरांत सुमारें तीन होतें.

या आंकड्यापुढें आपण क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. ही नुसती कांहीं डॉक्टरांच्या अनीतीची गोष्ट नाहीं. तीहि आहे, आणि म्हणूनच त्या जिल्ह्यांत अशा शस्त्रक्रियेपूर्वीं सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याची परवानगी घेण्याचा दंडक पुढें घालण्यांत आला. पण मुळाशीं हिशेब आहे. दरमहा दोन-तीन दिवसांचा खाडा, त्याचा दंड, वारंवार दवाखान्याचे पैसे. त्यापेक्षां एकदांच काय तें काढून टाकावें, असा हिशेब त्या बाईनें केला, किंवा तिच्याकडून करविण्यांत आला. पैसे मुकादमाच्या उचलींतून. म्हणजे पुढील हंगाम पुन्हा गहाण. फडाजवळ पाणी व आडोसा असता, फिरता दवाखाना खोपीपर्यंत आला असता, आजारपणाच्या दिवसांत दंड नसता, तर हा हिशेब निराळा झाला असता. ज्या उसाच्या बिलावर आपलीं घरें उभीं आहेत त्या उसाच्या तोडणींत हा खर्च धरलेला नाहीं. तो तिच्या देहानें भरला आहे. आणि हीं कुटुंबें हंगामाचे सहा महिने आपल्या शिवारांत असतात, हें विसरून आपल्या आरोग्याचा विचार पुरा होत नाहीं.

तर खर्च कोणी सोसावा? हा प्रश्न नवा नाहीं. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला, त्यांत पैसे देण्याची ऐपत नाहीं एवढ्यासाठीं कोणीहि योग्य उपचारांस मुकूं नये, हें तत्त्व स्पष्ट मांडिलें होतें. दहा ते वीस हजार वस्तीमागें ७५ खाटांचें रुग्णालय, ही त्यांची दूरची योजना. आज मैदानी मुलुखांत तीस हजारांमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा दंडक आहे, आणि त्यांत चार-सहा खाटा असतात. या मधल्या अंतरांतच खासगी दवाखान्यांचा एवढा पसारा वाढला. तथापि गेल्या कांहीं वर्षांत कांट्याची दिशा बदलली आहे, हेंहि सांगणें न्यायाचें होईल. राष्ट्रीय आरोग्य लेख्याप्रमाणें २०१३-१४ सालीं देशांत आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांपैकीं ६४ रुपये लोकांच्या खिशांतून थेट जात. २०२१-२२ सालीं तो भाग ३९ वर आला. सरकारी खर्च त्या वर्षीं राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणानें २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचा संकल्प केला होता.

आपल्या राज्यांत या बदलाचें मुख्य साधन म्हणजे जनआरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत सोलापूर होतें, पुणें नव्हतें. परिणामीं सुमारें सव्वा वर्षपर्यंत नीरेच्या पलीकडे माळशिरसांत जी शस्त्रक्रिया फुकट होई, तिच्यासाठीं अलीकडे इंदापुरांत गाय विकावी लागे. नदी तीच, ऊस तोच. नोव्हेंबर २०१३ मध्यें ती आपल्याकडे आली. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. २०२० च्या एप्रिलपासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशीं तिची सांगड घातली गेली. आणि २०२३ सालच्या निर्णयाप्रमाणें वर्षाला कुटुंबामागें दीड लाखाची मर्यादा पांच लाखांची होऊन, कोणत्याहि रंगाच्या शिधापत्रिकेस ती खुली झाली. त्या निर्णयांत १,३५६ उपचार धरले होते. अंगीकृत रुग्णालयांत आरोग्यमित्र नांवाचा माणूस बसलेला असतो, त्याला गांठावें.

योजना निर्दोष आहे असें मात्र नव्हे. ठरवून दिलेले दर अपुरे व पैसे उशिरां मिळतात, अशी रुग्णालयांची तक्रार असते. आणि मोठी उणीव अशी कीं, तिचा भर दाखल झालेल्या रोग्यावर आहे. रोजची रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी हें बहुतेक खिशांतूनच चालतें. साखरेच्या या मुलुखांत साखरेचा आजारही मुबलक पिकतो, हें आपण जाणतांच. ज्या रोग्यास वेळच्या वेळीं स्वस्त गोळी मिळाली नाहीं, त्याच्या मूत्रपिंडासाठीं पुढें लाखोंचा खर्च योजनेनें करावयाचा, हा व्यवहार आम्हांस उलटा वाटतो. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं आपल्या शेजारच्या जामखेडांत जें काम आरंभिलें, त्याचें मर्म हेंच होतें. खेड्यांतील निरक्षर, बहुधा दलित स्त्रियांस शिकवून त्यांनीं गांवाच्या आरोग्याचा भार त्यांच्यावर सोंपविला, आणि मोठें दुखणें होण्यापूर्वींच तें गांवांत अडविलें. २००५ नंतर देशभर नेमल्या गेलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांचें बीज पाहणारास तेथेंच दिसेल. आपल्या गांवच्या आशाताईस ओळखत नाहीं असें घर आपल्या धर्मग्रामांत नसावें.

येथें आमच्या मूळ प्रश्नाकडे येतों. आपल्या भगिनींच्या भिशींत दहा-वीस जणी दरमहा पैसे टाकतात. प्रत्येकीची पाळी येते व प्रत्येकीस आपलेंच पैसे एकत्र मिळतात. दुखण्याच्या निधीचें तसें नाहीं. तेथें पुष्कळांनीं भरावें आणि थोड्यांनींच घ्यावें, हाच नियम. ज्याला घ्यावें लागलें नाहीं तो भाग्यवान, त्याचा हप्ता वायां गेला असें नव्हे. कारखानदारींत कामास असणाऱ्या आपल्या तरुणांपैकीं ज्यांस राज्य कामगार विमा योजना लागू आहे, त्यांच्या पगारांतून शेंकडा पाऊण रुपया कापला जातो व मालक सव्वातीन रुपये घालतो. एवढ्या लहान कपातीवर मोठा उपचार होऊं शकतो, कारण भरणारे कोट्यवधि आहेत. नेमकी हीच गोष्ट आपल्या ज्युबिलीच्या शिलकेस लागू पडत नाहीं. आपण कांहींशें कुटुंबें. एका घरांत कर्करोग शिरला तर आपला सारा निधि एका पावसाळ्यांत संपेल, आणि दुसऱ्या घराच्या दारीं आपण रिकाम्या हातीं उभे राहूं. थोडें थोडें सर्वांस वांटलें तर कोणाचेंच बिल फिटणार नाहीं; तो पैसा एका खिडकीवर रोग्याच्या हातून रुग्णालयाच्या हातीं जाईल, इतकेंच.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, या रकमेनें बिलें भरूं नयेत. जेथें बिल आधींच भरलेलें आहे त्या दारापर्यंत माणूस पोंचविण्यासाठीं ती वापरावी. आणि तें आधींच भरलेलें आहे, हें शब्दशः खरें. साबणाच्या वडीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत जो कर आपण देतों, त्यांत मोलकरणीचाही वाटा आहे. योजनेचा लाभ घेणें म्हणजे हात पसरणें, अशी जी भावना आपल्यांतील कांहीं मानी माणसांच्या मनांत असते, तिला आधार नाहीं.

अशीं दारें आणखीही आहेत. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनीं शेंकडा दहा खाटा निर्धनांस विनामूल्य व आणखी दहा दुर्बल घटकांस सवलतीनें द्याव्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें २००६ पासून लागू आहे. आणीबाणीच्या प्रसंगीं अशा रोग्यास अनामत रकमेसाठीं अडवितां येत नाहीं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र हवा, आणि तो दुखणें आल्यावर काढावयास गेलें तर दाखला व दुखणें यांची शर्यत लागते. खासगी शुश्रूषागृहांनीं आपले दर व रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावावी, असा नियम राज्यानें जानेवारी २०२१ मध्यें केला. ती भिंत पाहण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.

आणि आतां एक अगदीं घरगुती अडचण. आपल्यांतील अनेकांचीं नांवें दोन. चर्चच्या रजिस्टरांत मार्था, शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मी. शिधापत्रिकेवर पित्याचें नांव एक, आधारकार्डावर त्याचेंच दुसरें रूप. घरांत व चर्चांत यानें कांहीं बिघडत नाहीं. पण आरोग्यमित्राच्या संगणकापुढें मार्था व लक्ष्मी या दोन निरनिराळ्या बायका ठरतात, आणि रात्रीं अकरा वाजतां अपघात विभागांत तें पटवून देणें कोणासहि साधत नाहीं. हीं नांवें आजच, सर्व धडधाकट असतांना जुळवून घेतां येतात. त्यासाठीं तालुक्याच्या गांवीं दोन-तीन खेपा पडतात, आणि एक रोजगार बुडतो. तो बुडालेला रोजगार आपल्या निधींतून भरून द्यावा. रोगी पुण्यास न्यावयाचा झाल्यास गाडीभाड्यापुरती रक्कम बिनव्याजी उसनी द्यावी, व ती परत आल्यावर दुसऱ्याच्या कामीं लावावी. दोघां तरुणांनीं या योजनांचे नियम नीट शिकून घ्यावे आणि त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च निधीनें सोसावा. ऊसतोडीच्या हंगामांत खोप्यांवरच्या स्त्रियांस सरकारी दवाखान्याची वाट दाखविण्याचें कामही त्यांच्याकडेच असावें; त्या कोणत्या धर्माच्या, हें विचारण्याचें कारण नाहीं.

निधीविषयींचा निर्णय समितीनें व आपण सर्वांनीं घ्यावयाचा आहे. नांवांचें काम मात्र निर्णयावांचून अडलेलें नाहीं. फादरांच्या अनुमतीनें येत्या रविवारीं मिस्सानंतर चर्चच्या ओसरीवर आमच्यापैकीं तिघेजण बसतील. प्रत्येक घरानें शिधापत्रिका, घरांतील सर्वांचीं आधारकार्डें आणि मुलांचे शाळेचे दाखले बरोबर आणावे. आणि शेजारीं कोणी एकटें म्हातारें माणूस असेल तर त्याचेही कागद विचारून आणावे.